भूमितीतला ‘एन’ आणि रसायनशास्त्रातला ‘एन’ एकच का?

प्रश्न असा आहे: बहुभुजाकृतीच्या आंतरकोनांची बेरीज (एन − २) × १८०° असते असं भूमितीत शिकवतात, आणि अल्केनचं (म्हणजे फक्त कार्बन-हायड्रोजनच्या, सगळे बंध एकेरी असलेल्या बिनकड्याच्या संयुगांचं) सामान्य रेणुसूत्र सी(एन)एच(२एन+२) आहे असं रसायनशास्त्रात. हा एन म्हणजे नेमकं काय? दोन्हीकडचा एन एकच का? आणि त्याची किंमत कुठे पाहायची?

(रेणुसूत्रांत अणूच्या खाली उजवीकडे जो बारीक पादांक लिहितात, तो अक्षरांत असेल तेव्हा मी इथे कंसात लिहितो आहे. नुसती संख्या असेल तर सरळ सीएच४, सी२एच६ असं.)

आधी थोडक्यात. दोन्ही ठिकाणी एन ही मोजून मिळणारी संख्या आहे. भूमितीत आपण बाजू मोजतो, अल्केनमध्ये एका रेणूतले कार्बन अणू मोजतो. त्याची एक ठरलेली किंमत नाही, म्हणून ती कुठल्याही तक्त्यात सापडणार नाही. तुमच्यासमोर जी आकृती किंवा जो रेणू आहे, त्यावरून ती येते. दोन्हीकडे अक्षराचं काम सारखंच आहे, पण एका सूत्रातल्या एनची किंमत दुसऱ्या सूत्राला बांधलेली नाही.

मी दोन्ही विषय अनेक वर्षं शिकवतो आहे आणि या प्रश्नाचं मूळ मला एकाच ठिकाणी दिसतं. पुस्तकात सूत्राच्या शेजारी एक छोटी ओळ असते: ‘येथे एन ही बाजूंची संख्या, एन ≥ ३’ किंवा ‘येथे एन = १, २, ३, …’. मुलं सूत्र पाठ करतात आणि ती ओळ सोडून देतात. खरं तर अक्षराचा अर्थ त्या ओळीतच असतो. ती काढून टाकली तर (एन − २) × १८०° हा नुसता हिशोब उरतो, कशाचा ते कळत नाही.

भूमितीपासून सुरू करू. सूत्र कुठून आलं ते पाहिलं की एन आपोआप उलगडतो. एक बहिर्वक्र बहुभुजाकृती घ्या आणि तिच्या एका शिरोबिंदूपासून सगळे कर्ण काढा. तो शिरोबिंदू स्वतःशी जोडता येत नाही आणि शेजारच्या दोघांशी तो बाजूंनी आधीच जोडलेला आहे. म्हणजे एन शिरोबिंदूंपैकी तीन गेले, कर्ण निघतात एन − ३. एवढ्या कर्णांनी आकृतीचे एन − २ त्रिकोण होतात. प्रत्येक त्रिकोणाच्या कोनांची बेरीज १८०°, म्हणून एकूण (एन − २) × १८०°. चौकोनात दोन त्रिकोण, ३६०°. पंचकोनात तीन, ५४०°. षटकोनात चार, ७२०°. सूत्रातल्या ‘उणे दोन’चा संबंध त्रिकोणांच्या मोजणीशी आहे, हे एकदा वहीत आकृती काढून पाहिलं की सूत्र विसरायला होत नाही.

एन ≥ ३ ही अट का? दोन बाजूंनी बंदिस्त आकृती होत नाही. सूत्रात एन = २ घातला तर उत्तर ० येतं, एन = १ घातला तर ऋण १८०° येतं. आकडेमोड चुकलेली नसते. ज्याला अर्थ नाही अशी संख्या आपण सूत्राला दिलेली असते. सूत्र तुम्हाला अडवत नाही. अडवण्याचं काम ती शेजारची ओळ करते.

उलट दिशेनं जाताना तर एनचा स्वभाव अधिकच स्पष्ट होतो. सुसम बहुभुजाकृतीचा प्रत्येक आंतरकोन १५०° आहे, तर बाजू किती? बाह्यकोन ३०°, सगळ्या बाह्यकोनांची बेरीज ३६०°, म्हणून एन = १२. आता तोच प्रश्न १५५° घेऊन विचारा. बाह्यकोन २५°, आणि ३६० ला २५ ने भागल्यावर १४.४. साडेचौदाच्या आसपास बाजू असलेली आकृती नसते, म्हणून अशी सुसम बहुभुजाकृतीच अस्तित्वात नाही. उत्तर अपूर्णांकात आलं, हीच इथली माहिती आहे. एन पूर्ण संख्या आहे हे ज्याच्या मनात पक्कं आहे तो इथे थांबतो. बाकीचे १४.४ लिहून पुढे जातात.

आता अल्केन. कार्बनची संयुजा ४, म्हणजे एक कार्बन अणू चार बंध करतो; त्यांना चार हात म्हणू. कार्बन अणूंची सरळ साखळी असेल तर मधल्या प्रत्येक कार्बनचे दोन हात शेजारच्या कार्बनांना धरायला जातात आणि उरलेल्या दोन हातांना दोन हायड्रोजन लागतात. एन कार्बन, म्हणून २एन हायड्रोजन. साखळीच्या दोन टोकांना पुढे कार्बन नाही, तिथे एकेक हायड्रोजन जास्त. म्हणून एकूण २एन + २. मिथेन सीएच४, इथेन सी२एच६, प्रोपेन सी३एच८, ब्युटेन सी४एच१०. साखळीला फांदी फुटली तरी ही मोजणी बदलत नाही: फांदीमुळे एक नवं टोक तयार होतं, तिथे एक हायड्रोजन वाढतो, आणि जिथून फांदी फुटली त्या कार्बनवरचा एक कमी होतो. म्हणून सी४एच१० या एकाच रेणुसूत्राची दोन वेगळी संयुगं असू शकतात, ब्युटेन आणि आयसोब्युटेन. एन रेणूचा आकार सांगत नाही, फक्त कार्बन किती ते सांगतो.

इथे दोन गोष्टी नीट पाहा. पहिली, ‘२एन+२’ हा अख्खा एकच पादांक आहे. एच२ वेगळं आणि ‘एन+२’ वेगळं, असं तोडून वाचायचं नाही. दुसरी, सूत्रात एन दोनदा आला आहे आणि दोन्ही जागी त्याची किंमत तीच ठेवायची. कार्बनसाठी एन = ५ घेतला की हायड्रोजनसाठीही तोच ५, म्हणून सी५एच१२. अक्षराची ही शिस्त भूमितीतही तीच आहे: एन(एन − ३)/२ हे एकूण कर्णांचं सूत्र, त्यात दोन्ही एन एकाच आकृतीच्या बाजू मोजतात.

अल्केनमध्येही उलट दिशेनं जाता येतं. कार्बनचं अणुवस्तुमान १२, हायड्रोजनचं १, म्हणून रेणुवस्तुमान १२एन + २एन + २ = १४एन + २. एखाद्या अल्केनचं रेणुवस्तुमान ८६ असेल तर १४एन = ८४, एन = ६, म्हणजे हेक्झेनचं रेणुसूत्र. ८४ असेल तर १४एन = ८२ आणि एन पूर्ण येत नाही; तो पदार्थ अल्केन नाही. ८४ ला १४ ने भागलं तर मात्र नेमके ६ येतात, म्हणून सी(एन)एच(२एन) हे सूत्र त्याला लागू पडतं. तो दुहेरी बंध असलेला हेक्झीन असू शकतो किंवा कड्याच्या आकाराचा सायक्लोहेक्झेन.

मर्यादाही प्रत्येक कुळाची वेगळी. अल्केनसाठी एन १ पासून. अल्कीनचं सूत्र सी(एन)एच(२एन), पण दुहेरी बंधाला दोन कार्बन हवेत, म्हणून एन २ पासून. तिहेरी बंध असलेल्या अल्काईनचं सी(एन)एच(२एन−२), तिथेही २ पासून. सायक्लोअल्केनचं सूत्र पुन्हा सी(एन)एच(२एन), अल्कीनसारखंच, पण कड्याला किमान तीन कार्बन लागतात, म्हणून एन ३ पासून. सूत्र शब्दशः तेच आणि एनची सुरुवात वेगळी. शेजारची ओळ वाचल्याशिवाय हे कसं कळणार?

सायक्लोअल्केनवर मला जरा थांबायचं आहे, कारण तुमच्या प्रश्नातले दोन्ही एन इथे एकत्र येतात. कार्बनचं कडं कागदावर काढलं की ती बहुभुजाकृतीच असते: सायक्लोप्रोपेन त्रिकोण, सायक्लोब्युटेन चौकोन, सायक्लोपेंटेन पंचकोन. कड्यातल्या कार्बनची संख्या आणि आकृतीच्या बाजूंची संख्या एकच. मग भूमितीचं सूत्र रसायनात लावता येईल का?

जर्मन रसायनशास्त्रज्ञ आडोल्फ फॉन बायर यांनी १८८५ मध्ये नेमकं हेच केलं. त्याच्या थोडं आधी, १८७४ मध्ये, फान्ट हॉफ आणि ल बेल यांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे मांडलं होतं की कार्बनचे चार बंध चतुष्फलकाच्या चार कोपऱ्यांकडे जातात. त्या मांडणीत कोणत्याही दोन बंधांमधला कोन सुमारे १०९.५°. बायर यांचा विचार असा: कडं सपाट सुसम बहुभुजाकृती आहे असं धरा, तिचा आंतरकोन काढा, आणि १०९.५° पासून तो जितका दूर, तितका त्या कड्यात ताण. आंतरकोनासाठी आपलंच सूत्र, (एन − २) × १८०° भागिले एन. एन = ३ ला ६०°, ४ ला ९०°, ५ ला १०८°, ६ ला १२०°. फरक दोन बंधांत सारखा वाटला तर प्रत्येक बंध सायक्लोप्रोपेनमध्ये पावणेपंचवीस अंशांनी वाकलेला, सायक्लोब्युटेनमध्ये पावणेदहा अंशांनी, सायक्लोपेंटेनमध्ये एका अंशापेक्षाही कमी.

छोट्या कड्यांबाबत हा हिशोब फार चांगला लागू पडला. सायक्लोप्रोपेनमधला ताण मोलमागे सुमारे ११५ किलोज्यूल आहे आणि त्याचं कडं तुलनेनं सहज उघडतं. पण एन वाढला की सूत्र अडचणीत आणतं. षटकोनाचा आंतरकोन १२०°, तो १०९.५° ओलांडून गेला. म्हणजे सायक्लोहेक्झेनमध्ये सायक्लोपेंटेनपेक्षा जास्त ताण हवा, आणि एन वाढेल तसा कोन १८०° कडे सरकत जाणार, म्हणून मोठी कडी तर टिकायलाच नकोत. प्रत्यक्षात सायक्लोहेक्झेनमध्ये ताण जवळजवळ नाहीच. १९२६ मध्ये लेओपोल्ड रुझिच्का यांनी दाखवलं की कस्तुरीच्या वासाचं मूळ असलेल्या मस्कोनमध्ये १५ कार्बनचं कडं आहे आणि जवादी मांजराच्या गंधद्रव्यातल्या सिव्हेटोनमध्ये १७ कार्बनचं. सपाट सुसम पंधरा-बाजूंच्या आकृतीचा आंतरकोन १५६° भरतो. बायर यांच्या हिशोबानं असं कडं फार ताणलेलं असायला हवं होतं, आणि निसर्गात ते सुखानं नांदत होतं.

चूक कुठे होती? एन मध्ये नव्हती आणि भूमितीच्या सूत्रातही नव्हती. ते सूत्र सपाट आकृतीसाठी आहे. सहा कार्बनचं कडं सपाट राहत नाही. काही अणू वर, काही खाली असं ते दुमडतं आणि प्रत्येक कोन १०९.५° च्या जवळ येतो. हेर्मान झाक्से यांनी १८९० मध्येच असं सुचवलं होतं, पण ते मान्य व्हायला बराच काळ गेला. आज आपण त्या रचनेला खुर्ची-रूप म्हणतो. कड्यांच्या अशा रूपांवरच्या कामासाठी ऑड हासेल आणि डेरेक बार्टन यांना १९६९ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

हे एवढं विस्तारानं सांगायचं कारण असं की अक्षर दोन्ही विषयांत बरोबर तेच मोजत असलं तरी त्याच्या भोवतीची अट सोबत न्यावीच लागते. सायक्लोहेक्झेनचा एन ६ आहे आणि षटकोनाचाही एन ६ आहे. तेवढ्यावरून सायक्लोहेक्झेनचा कोन १२०° ठरत नाही. बेंझीनचं कडं मात्र खरोखर सपाट आहे आणि तिथे १२०° अगदी बरोबर येतो.

आता एनची इतर रूपं, जी विद्यार्थ्यांना गोंधळात टाकतात. आदर्श वायूच्या समीकरणात, पीव्ही = एनआरटी, एन म्हणजे पदार्थाचे मोल (मोल हे पदार्थातल्या कणांचं प्रमाण मोजायचं एकक). हा एन पूर्ण संख्या असण्याची गरज नाही. १८ ग्रॅम पाणी म्हणजे १ मोल, ९ ग्रॅम म्हणजे ०.५ मोल. इथे एन = ०.५ अगदी योग्य उत्तर आहे, आणि अल्केनच्या सूत्रात तेच उत्तर निरर्थक. एकाच विषयाच्या दोन पानांवर तेच अक्षर दोन वेगळी कामं करतं. म्हणून ‘रसायनशास्त्रात एन म्हणजे अमुक’ असं सरसकट पाठ करू नका.

बहुवारिकांत आणखी तिसरा प्रकार. पॉलिइथिलीनचं सूत्र कंसात सीएच२–सीएच२ आणि कंसाबाहेर एन असं लिहितात. हा एन म्हणजे एकवारिकाचा घटक किती वेळा आला. तो हजारांत असू शकतो, आणि एकाच नमुन्यातल्या सगळ्या साखळ्यांचा सारखा नसतो. एका साखळीसाठी एन पूर्ण संख्या. पूर्ण नमुन्याबद्दल बोलताना आपण सरासरी सांगतो.

मोरचुदासारख्या स्फटिकांच्या गणितात एन ऐवजी बहुधा एक्स येतो: सीयूएसओ४·एक्सएच२ओ. हा एक्स कुठलीही संख्या घेऊन फिरत नाही. त्याची एक निश्चित किंमत आहे, ती आपल्याला अजून ठाऊक नाही, एवढंच. ४.९९ ग्रॅम स्फटिक तापवून ३.१९ ग्रॅम पांढरी पूड उरली, तर १.८० ग्रॅम पाणी गेलं. पूड ३.१९ भागिले १५९.५ म्हणजे ०.०२ मोल, पाणी १.८० भागिले १८ म्हणजे ०.१० मोल. गुणोत्तर ५, म्हणून एक्स = ५. अज्ञातासाठी अक्षर वापरणं आपल्याकडे जुनं आहे. भास्कराचार्यांच्या बीजगणितात यावत्तावत्चा ‘या’, कालकाचा ‘का’, नीलकाचा ‘नी’ येतो. दिलेल्या, पण कुठल्याही असू शकणाऱ्या संख्येसाठीही अक्षर लिहायचं, ही पद्धत युरोपात फ्रेंच गणिती फ्रान्स्वा व्हिएत यांनी १५९१ मध्ये मांडली. अल्केनचा एन या दुसऱ्या जातीचा आहे. ‘एन शोधा’ असं नुसतं अल्केनच्या सूत्रावरून विचारता येत नाही; रेणुवस्तुमानासारखी काही माहिती मिळाली की मगच तो अज्ञात बनतो.

स्मॉल आणि कॅपिटल यांचा फरक रसायनात जीवन-मरणाइतका महत्त्वाचा मानावा. कॅपिटल एन म्हणजे नायट्रोजन. भौतिकशास्त्रात तोच न्यूटन हे एकक. ‘सी’ कॅपिटल आणि ‘ओ’ही कॅपिटल असेल तर कार्बन मोनॉक्साइड, ‘ओ’ स्मॉल असेल तर कोबाल्ट. मूलद्रव्यांना अक्षरी संज्ञा देण्याची आजची पद्धत स्वीडनच्या बर्झेलियस यांच्याकडून १८१३-१४ च्या सुमारास आली. त्याआधी डाल्टन अणूंसाठी वर्तुळांची चिन्हं काढत. छापील पुस्तकात आणखी एक खूण मिळते: ज्यांची किंमत बदलते ती राशींची अक्षरं तिरकी छापतात, मूलद्रव्यांच्या संज्ञा आणि एककं सरळ. तिरका स्मॉल एन दिसला की तो संख्या आहे, सरळ कॅपिटल एन दिसला की मूलद्रव्य किंवा एकक. संयुगाच्या नावाआधी आडव्या रेघेसह येणारा एन, जसा एन-ब्युटेनमध्ये, ही संख्या नाहीच. तो ‘नॉर्मल’, म्हणजे सरळ साखळी, एवढंच सांगतो.

इतर अक्षरांचंही असंच. आर भूमितीत त्रिज्या, वायूच्या समीकरणात ८.३१४ किंमतीचा स्थिरांक, सेंद्रिय रसायनात कुठलाही अल्किल गट. स्मॉल एच उंची, कॅपिटल एच हायड्रोजन. यांची यादी पाठ करण्यात वेळ घालवू नका, प्रत्येक वेळी सूत्राजवळची ओळ वाचा.

शेवटी सी(एक्स)एच(वाय) आणि सी(एन)एच(२एन+२) यांतला फरक, कारण परीक्षेत तो हमखास अडवतो. पहिल्यात दोन वेगळी अक्षरं आहेत, म्हणजे कार्बन आणि हायड्रोजन यांच्या संख्यांमधलं नातं आपण गृहीत धरलेलं नाही. तो कुठलाही हायड्रोकार्बन असू शकतो. दुसऱ्यात एकच अक्षर आहे, म्हणजे नातं ठरलेलं आहे. ज्वलनाचं समीकरण लिहिताना हे दिसतं. हायड्रोकार्बनच्या एका रेणूला ऑक्सिजनचे एक्स + वाय/४ रेणू लागतात. कार्बन डायऑक्साइडचे एक्स आणि पाण्याचे वाय/२ रेणू मिळतात. यात एक्सच्या जागी एन आणि वायच्या जागी २एन + २ ठेवलं की अल्केनसाठी ऑक्सिजन (३एन + १)/२, कार्बन डायऑक्साइड एन, पाणी एन + १. प्रोपेनला एन = ३: ऑक्सिजनचे ५, कार्बन डायऑक्साइडचे ३, पाण्याचे ४. इथेनला एन = २ घातला की ऑक्सिजन ३.५ येतो. इथे दचकायचं कारण नाही, कारण ३.५ ही एनची किंमत नाही, ते एक गुणोत्तर आहे. सगळं समीकरण दुपटीनं लिहा: इथेनचे २ रेणू, ऑक्सिजनचे ७, कार्बन डायऑक्साइडचे ४, पाण्याचे ६. एन तेव्हाही २ च राहतो, कारण इथेनच्या प्रत्येक रेणूत कार्बन दोनच आहेत.